उघडून पाहिले

हिरव्या रंगावर तांडेलांचा विश्वास नव्हता. सकाळी ऑफिसात कॉम्प्युटर उघडला की रात्रभरात कोणकोणती कामं पार पडली त्याची यादी समोर यायची आणि प्रत्येक कामापुढे एक हिरवी टिक असायची. दुसरा कोणीही ती टिक बघून चहाला गेला असता. तांडेल खुर्ची पुढे ओढायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे आणि ओळखीचं नाव सांगून आत शिरू पाहणाऱ्या माणसाकडे वॉचमन बघतो तसे त्या टिकेकडे बघायचे. मग माझ्याकडे न वळताच विचारायचे, "बाय, कल्ला उघडून बघितलंस काय?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी हा प्रश्न ऐकून मी गांगरले होते. कॉम्प्युटरला कल्ला कुठून आला? मग त्यांनीच सांगितलं. त्यांची आई अंधेरीच्या बाजारात चाळीस वर्षं मासे विकायला बसली. ती म्हणायची म्हणे, बर्फ मारला की कुठलाही मासा चकचकीत दिसतो, गिऱ्हाईकानं कल्ला उचलून आत लाल आहे का ते बघावं. "आयस स्वतः कल्ला उघडून दाखवायची," तांडेल म्हणाले. "गिऱ्हाईकानं नाय सांगितलं तरी. म्हणून तिची पाटी आधी खाली व्हायची." तोच नियम त्यांनी आमच्या ऑफिसाला लावला होता.

खरं तर ते तांडेल नव्हतेच. कोळ्यांत होडीचा म्होरक्या तो तांडेल, आणि तो त्यांचा बापूस होता. होडी विकली गेल्यावर या मुलानं होड्यांवरचे वायरलेस आणि मासळीचा थवा दाखवणारी यंत्रं दुरुस्त करायला सुरुवात केली. तिथून टीव्ही, टीव्हीवरून कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरवरून मरोळच्या औद्योगिक वसाहतीतली आमची पॅथॉलॉजी लॅब. उपनगरांतल्या लहानमोठ्या हॉस्पिटलांतून काढलेल्या गाठी आमच्याकडे तपासायला येतात. गाठ साधी की वाईट, ते आमचा कागद सांगतो. मी आले तेव्हा तांडेल पन्नाशी उलटलेले होते, आणि ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना त्यांचं खरं नाव माहीत नव्हतं.

आमचं काम काय ते सांगायला हवं, कारण घरीसुद्धा ते कोणाला कळलेलं नाही. मरोळला आमची एक मोठी पेटी आहे. दिसायला एक मशीन, पण आत नऊ कॉम्प्युटर असल्यासारखी वागते. एकात रिपोर्ट, एकात स्लाइडचे फोटो, एकात हॉस्पिटलांचा पत्रव्यवहार, असं. तांडेल म्हणायचे, "एक होडी, नऊ खलाशी. होडी बुडाली तर कोण पोहत किनाऱ्याला येनार?" म्हणून त्या नवांची रोज एक नक्कल निघते आणि दूर चारकोपला आमच्या औषध-रसायनांच्या गोदामातल्या एका साठवणीच्या मशीनवर जाऊन बसते. त्या मशीनला सगळे ‘डबा’ म्हणत. मरोळला आग लागली, पाणी शिरलं, काहीही झालं, तरी डबा शाबूत राहावा अशी सोय. नक्कल पोचली की हिरवी टिक.

तांडेल टिक बाजूला सारायचे. इथून चारकोपचा डबा उघडायचे, कालच्या नकलेत शिरायचे आणि कुठलाही एक रिपोर्ट उघडून पेशंटचं नाव मोठ्यानं वाचायचे. मग ड्रॉवरमधून लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही काढून त्यात तारीख, रिपोर्टचा नंबर आणि पुढे दोन शब्द लिहायचे : ‘उघडून पाहिले.’ खाली सही. गेल्या किती वर्षांच्या अशा वह्या कपाटात होत्या. नव्यानं आलेली कोणी मुलगी हसायची, अहो, कॉम्प्युटरच्या कामाला वही कसली? "कॉम्प्युटर आपली साक्ष आपनच देतो," ते म्हणायचे. "त्याची साक्ष मी कशाला घेऊ?" नाव मोठ्यानं का वाचायचं, हे मात्र मी कधी विचारलं नाही. ते नंतर कळलं.

माणूस सोपा नव्हता. रोज मढहून खाडीच्या होडीनं वेसावे गाठायचे, तिथून बस, आणि साडेआठला ऑफिसात. मी मुलुंडहून पवईच्या रस्त्यावर तासभर बसमध्ये सडून साडेनऊला पोचायचे तेव्हा त्यांचा एक चहा आणि एक भांडण होऊन गेलेलं असायचं. जेवणाच्या डब्यात सुकट किंवा ओले बोंबील. कोणीतरी मायक्रोवेव्हवर ‘कृपया यात मासे गरम करू नयेत’ अशी पाटी लावली. तांडेलांनी ती पाटी नीट वाचली, आणि तेव्हापासून सरळ गारच जेवायला लागले. वाद नाही, टोमणा नाही. फक्त जेवताना खिडकी सताड उघडी ठेवायचे, भर उन्हाळ्यात एसी चालू असताना. तो राग होता हे समजायला मला दोन वर्षं लागली.

काही बिघडलं की ते कधी मशीनपासून सुरुवात करत नसत. आम्ही पासवर्ड बदलायचो, मशीन बंद-चालू करायचो, कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावून गाणी ऐकत बसायचो. तांडेल विचारायचे, "काल होतं ना? मग कालपासनं बदललं काय?" आणि उत्तर नाही मिळालं की पिशवी उचलून चारकोपला निघायचे. एकदा दर मंगळवारी नक्कल अर्ध्यात तुटायची. महिनाभर आम्ही डोकी फोडली. तांडेल मंगळवारी सकाळी सातला गोदामात स्टूल टाकून बसले. साडेसातला, नक्कल अजून चालू असतानाच, इमारतीच्या टाकीचा फक्त मंगळवारी चालणारा पंप सुरू झाला, गोदामातले दिवे एकदा मिचमिचले, आणि डब्यानं मान खाली घातली. त्यांनी डब्याची तार दुसऱ्या बोर्डावर नेली आणि नऊपर्यंत मरोळला परत. "फोनवर सगळी मशिनं शहाणी असतात," एवढंच बोलले.

हे सगळं आता कौतुकानं लिहितेय, पण तेव्हा मला त्यांचा कंटाळा यायचा, हेही लिहायला हवं. रोज तेच. रोज हिरवी टिक, रोज तो प्रश्न, रोज वही. घरी बाबांचा दमा. गिरणी सुटली तरी गिरणीतला कापूस त्यांच्या छातीतून सुटला नाही. रात्री त्यांच्या उशापाशी, सकाळी स्वयंपाक, मग पवईचा रस्ता. मी ऑफिसला पोचायचे तीच अर्धी संपलेली. अशा वेळी सगळं ठीक आहे असं सांगणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवावासा वाटतो. हिरवी टिक मला आवडायची.

त्या वर्षी नवरात्रात तांडेलांची आई गेली. अष्टमीला. सकाळी त्यांचा फोन आला, आवाज अगदी साधा. "बाय, आयस गेली. दिवस होईपर्यंत मी येत नाय. वही तुझ्याकडे." मी हो म्हटलं. आणखी एकदा हो म्हटलं. ते म्हणाले, "एक रोज उघडायचा. पाच मिन्टं लागतात." आणि फोन ठेवला.

नवमी-दसऱ्याची सुटी संपल्यावर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी वही काढली. समोर नऊ हिरव्या टिका. चारकोपचा डबा उघडायला गेले तर तो आत घेईना, परवानगी नाही म्हणाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेवढ्यात बाबांचा फोन आला, औषधाचा पंप सापडत नव्हता. फोन ठेवला तेव्हा दहा वाजून गेले होते आणि वही उघडी होती. मी चालू यादीतून एका रिपोर्टचा नंबर उचलला आणि लिहिलं : ‘उघडून पाहिले.’ संध्याकाळी बघू, असं मनाशी म्हटलं. संध्याकाळी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी नुसता नंबर उचलून लिहिणं सोपं गेलं, आणि तिसऱ्या दिवशी तर मी डबा उघडायला गेलेच नाही. अशा चौदा ओळी लिहिल्या. अक्षर छान आहे त्या ओळींचं. घाईत नव्हते ना.

वसुबारसेला तांडेल परत आले. डोक्यावरचे केस उतरवलेले, त्यामुळे कान मोठे दिसत होते आणि चष्मा कपाळावर टिकत नव्हता. कोणी काही बोलायच्या आतच यादीतल्या टिका लाल झाल्या. नऊच्या नऊ. खाली ओळ होती : जागा शिल्लक नाही. सगळे धरून चालले की चारकोपचा डबा भरला. मोठा डबा मागवा, जुन्या नकला उडवा, अशी चर्चा सुरू झाली. तांडेलांनी वहीची शेवटची पानं चाळली, ती ड्रॉवरमध्ये ठेवली आणि पिशवी उचलली. "बदललं काय ते बघून येऊ. चल."

रिक्षात ते आईबद्दल बोलले. शेवटच्या दिवसांत ती कोणालाच ओळखत नव्हती, पण उशाशी मासे आणून ठेवले तर हात लावून कुठला मासा ते सांगायची. मी ऐकत होते. हायवेवर गाड्या मुंगीच्या चालीनं सरकत होत्या. मला वाटत होतं, पोचूच नये.

चारकोपच्या गोदामाचे राखणदार म्हणजे सावंत. मालवणकडचे, वडील गिरणी कामगार, स्वतः तीस वर्षं या लॅबच्या चाकरीत. त्यांनी दार उघडलं. आत कोपऱ्यात फळीवर डबा घुमत होता, आणि डब्यावर झेंडूचा हार होता. वाळून चॉकलेटी झालेला. पुढच्या बाजूला, जिथे चालू-बंद करायचं बटण असतं, तिथे हळदकुंकवाची दोन बोटं.

"खंडेनवमीक पूजा केलंय," सावंत म्हणाले. "सगळी मशिना बंद ठेवून. माझो बापूस गिरणीत मागाक हार घालायचो. ह्या मशीन वर्षभर घुमता, तेका एक दिस इसावो नको? दुसऱ्या दिसाक मीच चालू केलंय मां!"

इतर वर्षी ते फक्त वजनकाटा आणि फ्रीजची पूजा करायचे. या वर्षी त्यांना वाटलं, डब्यालाच का वगळा.

तांडेल हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हार काढून त्यांनी हळूच बाजूला ठेवला आणि डब्याला स्क्रीन जोडला. डबा चालू होता, पण त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. आत बटणाएवढी एक बॅटरी असते, वीज नसताना घड्याळ सांभाळणारी. ती कधीच मेली होती. त्यानंतर वीज एकदाही गेली नव्हती म्हणून कळलं नव्हतं. मरोळच्या पेटीनं भलतंच साल सांगणाऱ्या डब्याला ओळखच दाखवली नाही, दोघांमधलं दार बंद झालं. आणि नकला? मरोळच्या पेटीत ‘चारकोप’ नावाचा एक फोल्डर आहे. दार उघडं असलं की त्यात टाकलेलं चारकोपला जातं. दार बंद असलं की तो नुसता फोल्डर. पेटी रोज इमानदारीनं आपली नक्कल आपल्याच पोटात ठेवत होती आणि हिरवी टिक देत होती. पोट भरलं तेव्हा लाल झाली. डब्यात शेवटची नक्कल होती ती अष्टमीची.

तांडेलांनी ती तारीख वाचली. माझ्याकडे बघितलं नाही. डब्याचं घड्याळ लावलं, बॅटरी बदलली, कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले. परतीच्या रिक्षात ओशिवऱ्याच्या पुढे कुठेतरी ते म्हणाले, "त्या चौदा ओळी कोनाच्या अक्षरात हायत, बाय?"

मी म्हटलं, "माझ्या."

"हं," म्हणाले, आणि मरोळ येईपर्यंत बाहेर बघत राहिले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा पेटी थांबलेली होती. पोट फुगेस्तोवर भरल्यावर ती लिहिता लिहिताच थबकली, आणि दुपारपर्यंत तिच्या डिस्कनं मान टाकली. नवमीपासून वसुबारसेपर्यंतचे सगळे रिपोर्ट तिच्यात होते आणि त्यांच्या नकलाही तिच्यातच. अष्टमीपर्यंतचं सगळं चारकोपला शाबूत. त्यापुढचं काहीच नाही. पुढची गाठ तपासताना डॉक्टरांना मागची कशी होती ते बघावं लागतं. हॉस्पिटलं विचारतात. ते सांगायला आता आमच्याकडे काही नव्हतं.

डॉक्टर मॅडमनी, म्हणजे लॅबच्या मालकीणबाईंनी, सावंतांना चारकोपहून बोलावून घेतलं. ते केबिनमध्ये हात बांधून उभे होते. निवृत्तीला तीन वर्षं उरलेला माणूस. "मशीन बंद करायला तुम्हाला सांगितलं कोणी?" मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नका." खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. दोष कुठेतरी जाऊन बसला होता, आणि ते ठिकाण माझं नव्हतं.

तांडेलांनी वही टेबलावर ठेवली. "मॅडम, सावंतनं हार घातला," ते म्हणाले. "पन डबा जिवंत हाय की नाय ते रोज बघायचं काम सावंतचं नव्हतं. ते ह्या वहीत लिवलेलं असतं." त्यांनी ते पान उघडलं आणि दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकले. माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग मी बोलले. या चौदा ओळी मी लिहिल्या. एकही रिपोर्ट उघडला नाही. पहिल्याच दिवशी डबा आत घेत नव्हता, ते मी पाहिलं होतं. बाबांचा दमा सांगणार होते, पण तोंडाशी येऊन परत गेला. त्याचा इथे काय संबंध?

सावंत कामावर राहिले. मला लेखी समज मिळाली, आणि मॅडम म्हणाल्या, "पेशंटकडे कागद असतील, आणि गाठींबरोबर आलेल्या फॉर्मांवर त्यांचे नंबर आहेत. एकेकाला फोन करा आणि फोटो मागवा." हा फोन करायचा हुकूम माझ्यासाठी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तांडेल माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलेले, अर्धी यादी त्यांनी स्वतःकडे घेतलेली. पहिला नंबर लावण्याआधी मला एकच म्हणाले, "आधी तब्येत विचार. कागद मग माग."

ती दिवाळी अशी गेली. ऑफिसाच्या दारात कंदील, कोणीतरी आणलेला चिवडा, आणि आम्ही दोघं फोनवर. काहींना वाटे, लॅबवाले शुभेच्छा द्यायला फोन करताहेत. काही घाबरत, पुन्हा काय निघालं? काही जण आधी शिव्या घालत आणि मग फोटो पाठवत. बोरिवलीच्या एक आजी कागद कसा धरायचा, फोटो कसा काढायचा हे विचारत अर्धा तास बोलल्या, तांडेलांनी तो अर्धा तास दिला. ज्यांनी कागद नेलेच नव्हते त्यांच्या स्लाइड मॅडम पुन्हा बघत होत्या, सण सोडून.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी गोवंडीचा एक नंबर लावला. पुरुषाचा आवाज. मी म्हटलं, ताईंची तब्येत कशी आहे? तो म्हणाला, "ती गेली. दसऱ्यानंतर आठव्या दिवशी." मी कागदाबद्दल बोलले, कारण दुसरं काय बोलणार? तो म्हणाला, "आता कोणाला पाहिजे तो कागद, मॅडम?" तांडेलांनी माझ्या हातातून फोन घेतला. "दादा, चूक आमची हाय," ते म्हणाले. "तिचा कागद आमच्याकडनं हरवला. तो पुन्ना तिच्या नावावर ठेवायचाय, एवढंच." पलीकडे फोन बंद झाला.

संध्याकाळी त्याचा फोटो आला. निळ्या चादरीवर ठेवलेला कागद, घडीच्या रेघा पडलेला, आणि कोपऱ्यात तो सपाट राहावा म्हणून दाबून धरलेला अंगठा. तांडेलांनी फोटो मोठा केला आणि नेहमीच्या आवाजात नाव वाचलं. पूर्ण नाव. तेव्हा मला कळलं, ते नाव का वाचतात. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

सगळे रिपोर्ट परत बसवून झाल्यावर मी त्यांना विचारलं, वहीतलं ते पान फाडू का? निदान चौदा ओळींवर रेघ तरी मारू का? ते म्हणाले, "एक पान फाडलंस तर बाकीची पन खोटी होतील." पान तसंच आहे. त्यांनी पेटीची बांधणी मात्र बदलली. आता चारकोपचं दार बंद असेल तर पेटी नक्कल आपल्या पोटात ठेवत नाही, बोंब मारते. सावंतांना म्हणाले, पूजा जरूर करा, फक्त हार भिंतीवरच्या खिळ्याला घाला. खिळा स्वतः ठोकून आले.

नव्या वर्षापासून त्यांनी वही माझ्याकडे दिली ती दिलीच. पुन्हा कधी मागितली नाही, तो प्रश्नही विचारला नाही. मला वाटायचं, विश्वास उडालाय म्हणून विचारत नाहीत. विचारून तरी काय उपयोग, मी काहीही उत्तर दिलं असतं. सकाळी येऊन डबा उघडायचा, एक रिपोर्ट, एक नाव. पाच मिनिटं खरंच लागतात. दमलेल्या माणसाला पाच मिनिटं किती मोठी असतात ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

होळीच्या आधी ते निवृत्त झाले. शिमग्याला घरी असायचं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, असं सांगत होते. शेवटच्या दिवशी केक आला, मॅडम चांगलं बोलल्या, आणि मायक्रोवेव्हवरची ती पाटी कोणीतरी गुपचूप काढून टाकलेली दिसली. तांडेलांनीही पाहिलं. खिडकी त्या दिवशी बंद होती. जेवण झाल्यावर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "वही दे जरा."

उभ्या उभ्याच पानं उलटू लागले. जानेवारी. ‘उघडून पाहिले’, ‘उघडून पाहिले’, ‘उघडून पाहिले’. फेब्रुवारीच्या मध्यावर बोट थांबलं. तिथे मी लिहिलं होतं : ‘आज पाहिले नाही. बाबांना पहाटे दाखल केले. दुपारी आले, पण त्राण नव्हते.’ खाली सही.

मी घाईघाईनं म्हटलं, "त्या दिवशी राहिलं, तांडेल. दुसऱ्या दिवशी दोन उघडले, खाली बघा ना."

"मना ते नाय विचारायचं," ते म्हणाले. बोट त्या ओळीवरून हललं नाही. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकानं पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. "ह्या बाकीच्या ओळी मी मानत नव्हतो, बाय. म्हणून बघतपन नव्हतो. आता सगळ्या मानतो." वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. "कसे हायत बाबा?"

"बरे आहेत," मी म्हटलं. "घरी आणलंय."

"मग झालं. मी जातो घरी."

पिशवी काखेला मारून ते गेले. वेसाव्याहून साडेपाचची होडी गाठायची होती.

त्यानंतर एक दसरा होऊन गेला. खंडेनवमीला सकाळीच सावंतांचा फोन आला होता : "गो बाय, हार घालतंय हां, खिळ्याक. मशीन चालूच आसा." मी म्हटलं, घाला. माझ्या पवईच्या रस्त्यात काही फरक पडलेला नाही, बाबांची छाती तशीच वाजते, आणि यादीतल्या टिका रोज हिरव्या असतात. मी वही काढते, डबा उघडते, नाव मोठ्यानं वाचते. नव्या मुली हसतात. आणि कधी तरी असा दिवस येतो की अंगात काही म्हणजे काही उरत नाही. मग मी ‘आज पाहिले नाही’ असं लिहिते, खाली सही करते, आणि घरी जाते.